अज्ञात लोककलावंत

माधुरीला ते कळलं कार्यक्रमाला जेमतेम तास उरलेला असताना. अंधेरीतल्या छोट्या हॉलबाहेर ती चहा पीत उभी होती. आयोजक गार्गीने फोन पुढे केला. "अभिनंदन गं! जर्मनीच्या महोत्सवात तुमची निवड झाली ना?"

माधुरीने फोनवरचं महोत्सवाचं पान वाचलं. निवड एकट्या श्रेयसची, तिच्या स्टेजवरच्या साथीदाराची, झाली होती. खाली बारीक अक्षरात होतं, ढोलकी: अज्ञात लोककलावंत, महाराष्ट्र.

ती ढोलकी तिच्या वडिलांची होती. धोंडिराम वाहुळे, महापालिकेच्या जलखात्यातून निवृत्त झालेले, घाटकोपरला भीमगीतांच्या पार्टीत चाळीस वर्षं वाजवलेले. माधुरीने स्वयंपाकघरात माइक लावून त्यांचे ठेके रेकॉर्ड केले होते. ती आणि श्रेयस त्याच ठेक्यांचे तुकडे कॉम्प्युटरवर जोडून स्टेजवर संगीत करायचे. दोघं आपापल्या लॅपटॉपवरून एकाच पानावर ओळी टाइप करायचे. ओळ लिहिली की तो आवाज सुरू, खोडली की बंद. मागच्या पडद्यावर लोकांना सगळं दिसायचं. पाच वर्षं त्यांनी असं केलं होतं.

श्रेयस स्टेजवर वायरी लावत होता. तिने फोन त्याच्या नाकासमोर धरला. "हे काय आहे?"

"अगं, फॉर्मवर एकच नाव चालत होतं."

"आणि पप्पा अज्ञात?"

"काकांना तिकडे कोण ओळखतं यार? असं लिहिलं की वजन येतं."

"आमच्या घरी बसून सुकट खाल्लीस तू. त्यांनी स्वतः वाढली तुला. तेव्हा अज्ञात होते का ते?"

"शो झाल्यावर बोलू ना. आत्ता डोकं नको खाऊस."

माधुरी तिथूनच निघून गेली असती. पण पप्पा येऊन बसले होते. तिसऱ्या रांगेत, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

चार वाजता सुरू झालं. श्रेयसने ढोलकीची ओळ लिहिली, ठेका हॉलभर घुमला. माधुरीने त्याच्या पुढे दोन तिरप्या रेघा मारल्या. रेघांच्या पुढचं कॉम्प्युटर वाजवत नाही, माणसं मात्र वाचतात. तिने लिहिलं, 'वाजवणारे धोंडिराम वाहुळे, घाटकोपर.'

श्रेयसने ते खोडलं. तिने परत लिहिलं. त्याने परत खोडलं, आणि या वेळी तिची खर्जाची ओळही उडवली. मग तिने त्याचे सूर काढून टाकले. तो झरझर नव्या ओळी टाकू लागला, ती खालून एकेक पुसत गेली. ठेका तुटत होता, मध्येच दुप्पट वेगाने धावत होता. पोरंपोरी उभी राहून ओरडू लागली, "झकास!" त्यांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटत होता.

"वेडी झालीस का?" श्रेयस दात आवळून म्हणाला.

माधुरीने परत नाव लिहिलं. त्याने खोडलं. आवाज तिच्याच लॅपटॉपमधून स्पीकरला जात होता. तिने वायर उपटली.

हॉल गप्प झाला. पडद्यावर श्रेयसच्या ओळी नुसत्याच चमकत राहिल्या. तो माइकवर हसून म्हणाला, "सॉरी, जरा टेक्निकल प्रॉब्लेम."

माधुरीने त्याच्या हातातून माइक घेतला. "प्रॉब्लेम नाही. मी बंद केलंय. श्रेयस, तिसऱ्या रांगेत पांढऱ्या शर्टात कोण बसलंय, ते सांग यांना."

श्रेयसने तिकडे पाहिलं आणि मान खाली घातली. मागून कुणीतरी शिट्टी मारली. माना वळल्या. शंभरेक लोक धोंडिरामांकडे बघू लागले, काहींनी फोन वर धरले.

धोंडिराम उठले आणि कुणाकडेही न बघता बाहेर चालू लागले.

माधुरीने त्यांना फुटपाथवर गाठलं. ते तिच्यावरच उसळले. "चाळीस वर्षं वाजवलं. नावासाठी कुणाच्या दारात उभा नाही राहिलो. तू आज मला उभं केलंस."

"त्याने चोरलं, पप्पा. मी फक्त सांगितलं."

"त्याला सांगायचं होतंस. मला दाखवायचं कशाला?"

घाटकोपरच्या मेट्रोत ते तिच्यापासून लांब जाऊन बसले. श्रेयसचा मेसेज आला, 'वाट लावलीस माझी.' तिने त्याचा नंबर ब्लॉक केला.

रात्री तिने मूळ रेकॉर्डिंगसह महोत्सवाला पत्र लिहिलं. दहा दिवसांनी तिथून माफी आली आणि पानावरची ती ओळ बदलली. श्रेयसचं नाव होतं तिथेच राहिलं. तो जर्मनीला गेलाही.

माधुरीने पप्पांना ते पान दाखवलं. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ वाचलं.

"स्पेलिंग चुकलंय," ते म्हणाले. "आता तुझ्याकडचं सगळं पूस."

"सगळं? पप्पा, चारशे तुकडे आहेत. माझं सगळं काम त्याच्यावर आहे."

"हात माझे आहेत ना? परत कुणी मला लोकांसमोर उभं करायला नको. पूस."

ती रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. ते बधले नाहीत. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले आणि तिने एकेक फाइल पुसताना शेवटपर्यंत बघत राहिले. श्रेयसच्या लॅपटॉपवर त्या सगळ्यांची प्रत होती. ते त्यांना सांगायची तिची हिंमत झाली नाही.