न तपासलेला सिलिंडर

गाडीच्या एसीचं काम करणाऱ्यानं कोणावरही विश्वास ठेवू नये, असं ताईचं मत होतं, आणि ती ते तोंडावर बोलूनही दाखवायची. गॅसला ना रंग ना वास. सिलिंडरवर छापलंय तेच खरं मानायचं, तर मग दाब मोजायचे गेज काय शोभेला टांगायचे? नवा सिलिंडर आला की ती तो रात्रभर सावलीत ठेवी, सकाळी त्याला थर्मामीटर लावी आणि आतला दाब भिंतीवरच्या तक्त्याशी ताडून पाही. जितकं तापमान तितकाच दाब. शुद्ध गॅस त्यात लबाडी करत नाही. आकडा जुळला नाही तर सिलिंडर आल्या पावली परत. पुरवठा करणारे तिला टरकून असत.

मग धाकट्या भावानं गॅसचा धंदा काढला, आणि ताईचं सगळं शहाणपण गेलं खुंटीवर.

आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. तापात उशाशी बसायचं, शाळेतल्या तक्रारी ऐकायच्या, खोड्यांवर पांघरूण घालायचं, सगळं तिच्याच वाट्याला आलं होतं. तो पहिला सिलिंडर घेऊन आला तेव्हा तिनं सवयीनं थर्मामीटर उचललं, तर याचा चेहरा एवढासा झाला. माझाही तपासणार का, म्हणाला. ताई ओशाळली. थर्मामीटर खणात गेलं ते दोन उन्हाळे तिथंच राहिलं.

त्या दिवशी ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई तिसऱ्यांदा गाडी घेऊन आल्या. एसी लावला की कॉम्प्रेसर कुरकुरतो आणि गारवा काही धड येत नाही, हे जुनंच रडगाणं. ताईनं आधी व्हॉल्व्ह बदलला होता, मग पंखा. आता बिचाऱ्या कॉम्प्रेसरवर आळ घ्यायच्या बेतात होती. बाई शांतपणे म्हणाल्या की सगळं बदलून झालं, गॅस तेवढा राहिला. ताईच्या कपाळावर आठी पडली. गॅस घरचा आहे, असं ती म्हणालीसुद्धा. पण बाई बाकावर जाऊन बसल्यावर तिनं खण उघडला.

भावाचा सिलिंडर कालपासून कोपऱ्यातच होता. तापमान अठ्ठावीस अंश. तक्ता म्हणत होता दाब एक्क्याण्णव हवा, आणि काटा एकशे पंधरावर जाऊन बसला होता. गेज बिघडला असेल म्हणून तिनं दुसरा लावला. त्यानंही तेच सांगितलं.

मग ती मागच्या मोकळ्या अंगणात गेली. बादलीत साबणाचं पाणी कालवलं, लांब नळीनं जरासा गॅस फेसात सोडला, सिलिंडर बंद करून दूर नेला आणि काठीच्या टोकाला पेटती चिंधी बांधून ती फेसाजवळ धरली. ती भरते तो गॅस पेटत नाही. हा भपकन पेटला.

एसीची गॅस खेळणारी जाळी गाडीच्या पुढच्या बंपरमागेच असते, आणि बाईंच्या गाडीवर तर शिकाऊ लोक बसतात, दिवसातून दोनदा कुठं ना कुठं गाडीचं नाक आपटणारे. हाच गॅस तिनं नुसत्या या उन्हाळ्यात एकतीस गाड्यांत स्वतःच्या हातानं भरला होता.

तिनं भावाला बोलावून घेतलं. मनात एकच आशा होती, की त्यालाही वरच्या कोणीतरी फसवलं असेल. तसं असतं तर तिनं त्याला पुन्हा एकदा पोटाशी धरलं असतं. तोही आल्या आल्या तेच बोलला. बाजारात हल्ली सगळे असंच मिसळतात, आपल्याला काय कळतंय, वगैरे. ताई जवळजवळ पाघळली होती. तेवढ्यात तो तिची समजूत घालायला गेला.

"ताई, तुझ्या गाडीत मी कधी यातला भरू दिला का? दर वेळी तुझ्यासाठी वेगळा, चांगला डबा आणत होतो ना मी? तुला काही होऊ देईन का?"

हे तो अगदी मायेनं म्हणाला. तेच फार लागलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," ताई म्हणाली.

त्यानं केसानं गळा कापला होता, आणि वर बहिणीला जपल्याची शाबासकी हवी होती.

ताई आधी बाकाशी गेली. गाडी आज मिळणार नाही आणि का मिळणार नाही, हे बाईंना सांगून आली. मग गिऱ्हाइकांची यादी काढून तिनं पहिला नंबर लावला. गॅस भेसळीचा निघालाय, पेट घेणारा आहे, एसी लावू नका, गाडी जपून इकडं आणा. भरला मीच, न तपासता; चूक माझी. एवढं बोलून तिनं फोन ठेवला.

भावानं केवढा तरी मोठा श्वास सोडला. स्टूल ओढून तो बसला, तिच्या बाटलीतलं पाणी प्यायला. आपलं नाव निघालं नाही म्हणून इतकं हायसं वाटलेला माणूस ताईनं आजवर पाहिला नव्हता.

तिनं फोन त्याच्यापुढं धरला.

"पुढचा तू कर."

त्यानं फोन हातात घेतला आणि टेबलावर ठेवून दिला. संध्याकाळी येतो म्हणाला. बाहेर त्याची व्हॅन सुरू झाल्याचा आवाज आला.

ताईनं दुसरा नंबर लावला. पलीकडून विचारणा झाली, की असा गॅस आला तरी कुठून.

"माझ्या भावाकडून," ताईनं सांगितलं. "त्याला माहीत होतं."