पाणी सोडणाऱ्याची मुलगी

"बाबा, तासभरच. आज टेकडीला सोडा ना."

पुढे राज्याची मंत्री झालेल्या बाईचं हे पहिलं राजकारण. तेव्हा ती शिकवण्या घ्यायची आणि नगरपालिकेच्या निवडणुकीला उभी होती. मतदान दुसऱ्या दिवशी होतं. टेकडीवाल्यांनी तोंडावर सांगितलं होतं, आधी पाणी, मग मत. आणि शहराचं पाणी सोडायचं काम तिच्या बापाकडे.

"आज पाळी खालच्या वस्तीची," बाप म्हणाला. "त्यांनी काय करायचं?"

"एक दिवस कळ काढतील."

बापाने व्हॉल्व्हची लांब दांड्याची चावी भिंतीला टेकवली. "माझ्याच्यानं व्हायचं नाही. मी चहा पिऊन येतो."

पोरीला नाही म्हणणं त्याला कधी जमलंच नव्हतं. तो वळणाआड गेल्यावर तिने खालच्या वस्तीचा व्हॉल्व्ह बंद केला, टेकडीचा उघडला.

ती निवडून आली. पण पाणी वळवलं त्या दिवशी खालच्या वस्तीतल्या प्रसूतिगृहाची टाकी कोरडी पडली होती. पोट फाडून बाळंत करायची म्हणून आत घेतलेल्या बाईला ऐनवेळी दुसरीकडे हलवावं लागलं. बाई वाचली, मूल गेलं. चौकशी लागली. बापाने सरळ सांगून टाकलं, मला डुलकी लागली, व्हॉल्व्ह चुकला.

"मी सगळं सांगणार आहे," ती घरी रडत म्हणाली.

"गप बस. माझं काय उरलंय आता? तुझं आत्ता कुठे सुरू होतंय."

नगरपालिकेच्या पहिल्याच सभेत पहिला विषय तोच निघाला: कर्मचाऱ्याला बडतर्फ करणे. बाप दाराशी उभा होता, इस्त्री केलेल्या गणवेशात. तिला वाटलं, आत्ता उठावं, बोलून मोकळं व्हावं. तिने खुर्ची मागे सरकवलीसुद्धा. त्या आवाजाने सगळ्यांनी मान वळवली. बापाने डोळ्यांनीच तिला दटावलं, लहानपणी पाहुण्यांसमोर दटावायचा तसं.

"कोणाचा विरोध?" अध्यक्षांनी विचारलं.

कोणी बोललं नाही. तीही नाही.

"मंजूर."

बापाने हात जोडले. अध्यक्षांना, मग रांगेने एकेका सभासदाला. तिच्यापाशी आल्यावर तो तितकाच वाकला.

"येतो, मॅडम," म्हणाला.