खजिनदाराच्या गालात

शिक्षकांना सुट्ट्या फार, असं ज्याला वाटतं त्याला एकदा ज्यूंच्या पेसाख सणाच्या आधीच्या आठवड्यात नोगाच्या घरी राहायला पाठवावं. शाळेला कुलूप लागतं आणि घरात धुमश्चक्री सुरू होते. या सणात घरामध्ये पावाचा कणसुद्धा चालत नाही. कण म्हणजे अगदी कण. सोफ्याच्या फटीतला, दप्तराच्या तळातला, नवऱ्याच्या कोटाच्या खिशातला, गाडीच्या सीटखाली गेल्या हिवाळ्यापासून सुखाने नांदणारा बिस्किटाचा चुरा, सगळं बाहेर. इस्रायलमधल्या येरुहाम गावातल्या बायका त्या दिवसांत एकमेकींना भेटल्या की "कशी आहेस" विचारत नाहीत, "फ्रीज झाला का" विचारतात.

नोगा तिसरीच्या वर्गाची बाई. यंदा तिच्या नशिबी बादलीच्या जोडीला एक हॅमस्टर आला होता. हॅमस्टर म्हणजे उंदराचाच गुबगुबीत भाऊबंद, शेपटी नावापुरती. वर्गात पोरांनी रीतसर मतदान घेऊन त्याचं नाव खजिनदार ठेवलं होतं, कारण मिळेल ते गालात कोंबून ठेवायची त्याला सवय. सुट्टीत खजिनदाराला कोण नेणार, असं नोगाने पालकांच्या ग्रुपवर विचारलं मात्र, अख्ख्या वर्गाच्या घरांत साथ पसरली. एकाला केसांची ॲलर्जी निघाली. दुसरे सहकुटुंब एलातला समुद्रावर चालले होते. तिसऱ्या घरची मांजर म्हणे मनाने अजून तयार नव्हती. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं. खजिनदार गव्हाचं, जवाचं धान्य खातो, तेही पावाइतकंच निषिद्ध, आणि पेसाखमध्ये धान्य सांडणारं जनावर घरात कोण घेईल? बाई घेतील. बाईंना सुट्टीच सुट्टी असते ना.

तर नोगाने त्याचं धान्य टाकून दिलं, पिंजरा घासला आणि त्याला गाजर दिलं. मधल्या सुट्टीत गृहपाठ दिल्यावर पोरं बघतात तसा तो तिच्याकडे बघत राहिला. "नियम सगळ्यांना सारखे," नोगा त्याला म्हणाली. घरातसुद्धा ती वर्गातल्याच आवाजात बोलते, त्याला इलाज नाही. नवऱ्याने ओला टॉवेल पलंगावर टाकला की ती तीन टाळ्या वाजवते. आल्बेर बिचारा हात पाठीमागे बांधून उभा राहतो.

पण हॅमस्टर आणि बादली हे तर किरकोळ. खरी परीक्षा होती सासूबाईंची.

झोहरा सासूबाईंनी लग्नापासून आजवर नोगाच्या घरी शिजवलेला घास तोंडात घातला नव्हता. यायच्या, बसायच्या, नातीचे लाड करायच्या, काचेच्या पेल्यातून पुदिन्याचा चहा प्यायच्या, संत्रं स्वतः सोलून खायच्या. पानावर बसा म्हटलं की ठरलेलं उत्तर, "आत्ताच जेवून आले गं." सकाळी सातला आल्या तरी आत्ताच जेवून आलेल्या. कारण सरळ होतं. नोगा वाढली किबुत्झवर, म्हणजे सामुदायिक शेतीच्या वसाहतीत, देवाधर्माशी उभा दावा असलेल्या लोकांत, आणि तिथल्या भोजनगृहात पेसाखच्या दिवशीही टोपलीत पाव असायचा. ही गोष्ट आल्बेरने साखरपुड्याच्या वेळी मोठ्या कौतुकाने आईला सांगितली होती. काही पुरुषांना कुठे गप्प बसावं ते कळत नाही, आणि आल्बेर त्यांच्यातला पुढारी. नोगाने पुढे सगळं शिकून घेतलं, दुधाची भांडी वेगळी, मांसाची वेगळी, सगळं काटेकोर. पण सासूबाईंच्या डोळ्यांपुढची ती पावाची टोपली काही हलेना.

यंदा सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यांच्या घरी सणाचं जेवण होणं शक्य नव्हतं. आल्बेरने विनवल्यावर त्या म्हणाल्या, "येते. बसते. जेवायचं मग बघू." आणि आल्या त्या उकडलेल्या अंड्यांची पिशवी आणि स्वतःचं एक पातेलं घेऊन. नोगाने हसून पातेलं उचललं आणि पाहुण्यांच्या खोलीत ठेवलं. उद्या रात्री या बाईने आपल्या हातचं खाल्लं नाही, तर पुढे कधीच खाणार नाही, हे तिला कळून चुकलं होतं. आणि हे तिला फार लागलं होतं, अगदी खरं सांगायचं तर.

आता त्या संध्याकाळचं ऐका. सणाच्या आदल्या संध्याकाळी मेणबत्ती, पीस आणि लाकडी चमचा घेऊन घरभर पाव शोधायचा असतो. पण घर तर घासून लख्ख. मग शोधणार काय? म्हणून घरातल्याच कुणीतरी पावाचे दहा तुकडे कागदात गुंडाळून मुद्दाम लपवायचे. हो. दोन आठवडे कंबर मोडेपर्यंत पाव बाहेर काढायचा आणि मग आपल्याच हाताने परत आत पेरायचा. नोगाने पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा तिला वाटलं आल्बेर थट्टा करतोय.

लपवायचं काम दुसरीतल्या लेकीकडे, शाकेदकडे होतं. दिवे मालवले, आल्बेरने मेणबत्ती धरली आणि मिरवणूक निघाली. सासूबाई बाल्कनीतल्या खुर्चीवर बसून अंडं सोलत होत्या. एक तुकडा पुस्तकांच्या कपाटात, एक बुटाच्या खोक्यावर, एक टीव्हीमागे. नऊ झाले. दहावा नाही.

"शाकेद, दहावा कुठे ठेवलास?"

"ओळख ना."

"मी ओळखणार नाही. मी दमलेय. सांग."

"तूच म्हणतेस ना तुझ्या वर्गाला, जिथे कुणी बघत नाही तिथला विचार करायचा? मी केला." आणि पोरीने मोठ्या अभिमानाने पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.

पिंजऱ्यात कागदाच्या चिंध्या होत्या. पावाचा पत्ता नव्हता. खजिनदार कोपऱ्यात बसला होता आणि त्याचा डावा गाल दाढ दुखत असल्यासारखा टम्म फुगला होता. गाजरावर दिवस काढल्यानंतर त्याला देव पावला होता.

नोगा मटकन खाली बसली. "अगं, हे काय करून ठेवलंस?"

"तो खाणार आहे हे मला काय माहीत? तू म्हणालीस तो गाजर खातो."

"हळू बोला," आल्बेर दबक्या आवाजात म्हणाला. "आईला ऐकू जाईल. ए, त्याचा गाल दाब जरा."

"तूच दाब. तुझा सण आहे."

"माझा सण, पण तुझा वर्ग."

शेवटी दोघांनी मिळून प्रयत्न केला. आल्बेरने खजिनदाराला दोन्ही हातांत धरलं, नोगाने काकडीचं आमिष दाखवलं. खजिनदाराने काकडी उजव्या गालात भरली. आता तो दोन्ही बाजूंनी भरला आणि आल्बेरच्या अंगठ्याला कडकडून चावला. आल्बेर चावलेल्या अंगठ्यावर फुंकर घालत, आवाज न करता, खोलीभर नाचला.

दुसरा तुकडा आणून दहा भरावेत, तर घरात पाव नव्हता. असणार कसा? मग आल्बेरने गावच्या धर्मगुरूंना, रब्बी एलहारारांना फोन लावला. त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक घरातून त्यांना फोन जातो, कुणाचं ओव्हन, कुणाची कवळी. आल्बेरने गालाची हकीकत सांगितली. पलीकडून तोंडावर हात धरल्यासारखा दबका आवाज आला.

"गिळला का त्याने?" रब्बींनी विचारलं.

"दिसत तरी नाही. सांभाळून ठेवलाय."

"अच्छा. तुमच्या इमारतीत ज्यू नसलेलं कुणी आहे?"

"वरच्या मजल्यावर वालेरी आहे. निवृत्त इंजिनीयर."

"मग हॅमस्टर त्याला विकून टाका. गालासकट. पाव दुसऱ्याच्या मालकीचा झाला की तुमच्यावर दोष नाही. सण झाला की परत घ्या." आणि फोन ठेवण्यापूर्वी रब्बी एवढे हसले की तोंडासमोर धरलेल्या हाताचा काही उपयोग झाला नाही.

"चला, सुटलो," आल्बेर म्हणाला. "आणि हे बघ, आईला सांग दहाही सापडले. खोटं थोडंच आहे? सापडलाय की. फक्त काढता येत नाहीये."

नोगाला खोटं बोलण्याची दीक्षा नोकरीनेच दिली होती. वर्गातलं बाक फोडणाऱ्या पोराच्या प्रगतिपुस्तकात "उत्साही व क्रियाशील" असं ती गेली कित्येक वर्षं लिहीत आली होती. एवढंसं खोटं म्हणजे तिच्या डाव्या हाताचा मळ. आणि खरं सांगितलं तर काय होणार हेही दिसत होतं. पावाची टोपली. किबुत्झची पोर. घरात उंदीर पाळते आणि त्याला सणाच्या तोंडावर पाव चारते.

तेवढ्यात काठी टेकत सासूबाई दारात आल्या. "झालं का शोधून? सगळे मिळाले?"

आल्बेर छताकडे बघू लागला. शाकेद आईकडे बघू लागली. खजिनदार कुणाकडेच बघेना.

नोगाने तोंड उघडलं ते "हो" म्हणायलाच. पण सासूबाई तिच्याकडे टक लावून बघत होत्या, आणि त्या नजरेत संशय नव्हता. होती ती काळजी, दुखऱ्या खुब्यानिशी परक्या पलंगावर झोपायला आलेल्या म्हाताऱ्या बाईची. नोगाच्या मनात आलं, उद्या या जेवल्या तर माझ्या घरी जेवतील की माझ्या थापेवर? आणि मग इतकी वर्षं मी वाट कशाची बघितली?

"नाही आई," ती म्हणाली. "नऊ मिळाले. दहावा शाकेदने पिंजऱ्यात ठेवला होता, तो याच्या गालात आहे. आम्ही काढायला बघितला, निघत नाही. आता याला वालेरीला विकायचंय."

आल्बेरने डोळे मिटून घेतले.

सासूबाई पिंजऱ्यापाशी आल्या, वाकल्या, चष्मा नाकावर सरकवून त्यांनी खजिनदाराला नीट न्याहाळलं. खजिनदारानेही त्यांना न्याहाळलं. "कुठल्या गालात?" त्यांनी विचारलं.

"डाव्या. उजव्यात काकडी आहे."

"बरं," सासूबाई म्हणाल्या आणि झोपायला गेल्या. बस, एवढंच. बरं म्हणजे बरं की बरं नाही, हे त्यांनी नोगाला रात्रभर कुरतडायला ठेवलं.

विक्री थाटात झाली. वालेरी चपला बदलून, सदरा खोचून दारात आला. त्याने एक संत्रं देऊन पिंजरा विकत घेतला आणि सौदा पक्का म्हणून आल्बेरशी हस्तांदोलन केलं, त्याच्या चावलेल्या अंगठ्याचाच हात दाबून. शाकेदने ही बातमी आईच्या फोनवरून पालकांच्या ग्रुपवर टाकली, "आईने खजिनदार विकला." त्याबरोबर ॲलर्जीवाले, एलातवाले आणि मांजरवाले सगळे खडबडून जागे झाले. मुलांच्या भावनांचं काय, असं त्यांना विचारायचं होतं. नोगाने फोन कपाटात कोंबला.

दुसऱ्या रात्री टेबल मांडलं. पूर्वज मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून कसे सुटले त्याचं पुस्तक वाचणं, गाणं, त्यावर शाकेदने विचारायचे ठरलेले प्रश्न, सगळं यथासांग झालं. मिसरमधून सुटका व्हायला नेहमीइतकाच वेळ लागला, पण नोगाला तो दुप्पट वाटला. मग ती मासा घेऊन आली. सासूबाईंच्या गावाकडच्या पद्धतीचा, लाल मिरचीचा, भरपूर कोथिंबिरीचा. आल्बेरच्या मावशीला फोन करकरून शिकलेला. तिने आधी आल्बेरला वाढलं, मग शाकेदला, आणि मग पळी हातात धरून तशीच उभी राहिली. विचारायचा धीर होईना. पाठ केलेलं उत्तर तिला ऐकू येऊ लागलं होतं.

सासूबाईंनी ताट पुढे केलं.

"आई, नक्की?" आल्बेरच्या तोंडून निघालंच. म्हटलं ना, पुढारी. "म्हणजे कालचं ते, गालाचं..."

"तू जेव," सासूबाई म्हणाल्या. "जी बाई मला उंदराच्या गालात काय आहे ते सांगते, ती पातेल्यातलं लपवणार आहे होय? वाढ गं. तो मोठा तुकडा नको, शेपटीकडचा दे."

नोगाने वाढलं. थोडा रस्सा टेबलक्लॉथवर सांडला. सासूबाईंनी तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला आणि सावकाश चावला. आल्बेर चावायचा थांबला होता.

"मीठ कमी आहे," सासूबाई म्हणाल्या.

मग त्या थांबल्याच नाहीत. मासा जाड कापलाय. मिरची आधी तेलात परतायला हवी होती, कुणी शिकवलं हिला. कोथिंबीर अशी चिरतात का, काय गाय जेवायला येणार होती. बोलता बोलता त्यांनी ताट पुन्हा पुढे केलं.

"आणते, आई, मीठ आणते," नोगा म्हणाली. स्वयंपाकघरात जाऊन तिने दार लोटलं, ओट्याला टेकून आधी पोटभर रडून घेतलं आणि मग मीठ घेऊन आली.