खंडेनवमीच्या संध्याकाळी न पेटलेले दिवे

हॉर्न माझा केव्हाच मुका झालाय, म्हणून तोंडानंच आवाज देते. मित्रांनो, मी देवळीच्या मनोहररावांची जुनी मोटार. चार चाकं, दोन दरवाजे आणि पुढं बेडकाच्या डोळ्यांसारखे दोन मोठे दिवे, एवढी माझी इस्टेट. सध्या मी कडुलिंबाखाली उभी असते. टपावर कोंबड्या बसतात. बसतात तर बसोत बापड्या, पण घाण तरी खाली उतरून करावी की नाही? असो.

माझा जन्म विलायतेतल्या कारखान्यातला. बोटीनं मुंबईला उतरले आणि रेल्वेच्या वाघिणीतून वर्ध्याला आले. आधी कापसाची सरकी काढणाऱ्या एका जिनिंग कारखान्याच्या गोऱ्या साहेबानं मला फिरवलं. तो मायदेशी निघाला, तेव्हा तिथलेच मॅनेजर मनोहरराव यांनी मला घरी आणलं. काय कौतुक व्हायचं माझं तेव्हा! बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यातली माणसं गोळा व्हायची. कोणी बोनेटवर हात ठेवून विचारायचं, "इच्या पोटात विस्तव हाय का गा?" मी ऐटीत दोनदा जास्तच गुरगुरायची.

मनोहरराव माणूस देवासारखा, पण चालढकलीत पहिला नंबर. माझा डावा दिवा पोळ्यापासून बंद होता. उजवाही काजळून मिणमिणत होता. दोन नवे बल्ब त्यांनी वर्ध्याहून आणले खरे, पण कागदाच्या पुड्यातच ठेवून दिले. कुसुमबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, विचारलं की म्हणायचे, "लावतो ना! दसरा तं होऊ दे." एका डोळ्यानं किती दिवस बघायचं मी? पण मोटारीचं गाऱ्हाणं ऐकतं कोण!

ही गोष्ट १९५३ सालची. खंडेनवमी होती. त्या दिवशी घरातल्या सगळ्या हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. कुसुमबाईंनी विळा, अडकित्ता, पाना, पक्कड, सगळं देवापुढं मांडलं होतं. मला झेंडूची माळ घातली होती. मी नव्या नवरीसारखी मिरवत अंगणात उभी होते.

दिवेलागणीला घरातून किंकाळी आली. त्यांची पाच वर्षांची लेक मीरा दुकान-दुकान खेळत होती. खेळता खेळता तिनं हरभऱ्याचा एक कोरडा दाणा नाकात घातला, आणि तो काढायला गेली तसा आणखी आत गेला. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं आणि मान हलवली. "माझ्यापाशी त्याचा चिमटा नाई. दाणा फुगून राह्यला. घशाकडं सरकून श्वासनळीत गेला तं श्वास अडकन. आत्ताच्या आत्ता वर्ध्याले न्या."

मनोहररावांनी मला हँडल मारलं. मी एका दमात सुरू झाले. दिव्याचं बटण ओढलं, उजवा दिवा एकदा लकाकला आणि फुस्स! झाला कारभार. दोन्ही डोळे गेले.

आता बिनदिव्याचं जायचं कसं? वर्ध्याचा रस्ता म्हणजे सांजेला बैलगाड्यांचा. गाडीखाली कंदील बांधणारा शंभरात एखादा. शेजारचे श्रावणभाऊ, वांगी-मिरच्या पिकवणारे, हातात कंदील घेऊन धावत आले. कुसुमबाईंनी देवघरातून बल्बांचा पुडा आणून दिला. मनोहररावांनी माझ्या दिव्याच्या कड्याचा स्क्रू ढिला केला, काच उतरवली, जुना बल्ब दाबून फिरवून काढला आणि नवा बसवला. डावीकडंही तसंच केलं. बटण ओढलं.

अंधारच.

"दोन्ही काऊन पेटून नाई राह्यले?" ते ओरडले.

श्रावणभाऊ बल्बांकडं बोट दाखवत म्हणाले, "भाऊ, लट्टूच खराब असन. दुकानदारानं फसवलं तुमाले."

"दोन्ही एकदम खराब कशे निघन? तार तुटली असन." आणि ते माझ्या पोटाखाली शिरले.

तार धड होती हो! मला ठाऊक होतं, बॅटरीपासून वीज दिव्यापर्यंत येऊन दाराशी थांबत होती. पण सांगणार कशी? ओसरीवर मीरा तोंडानं श्वास घेत होती, घुर्र घुर्र. तो आवाज ऐकून माझ्या अंगातलं पेट्रोल थिजलं.

कुसुमबाई एकाएकी कपाळावर हात मारून उठल्या. "अवो, बाहेर या! मी दुपारी त्याईची पूजा केली ना. कुंकू लावलं."

"कोणाले?"

"लट्टूइले! नवी वस्तू, अन् खंडेनवमी. कोरडं कुंकू टिकंना, म्हून तुपात कालवून लावलं."

"काचेले?"

"काचेले कशी लावीन? लाल उजेड पडला असता ना! बुडाले लावलं, पितळीले."

बल्बच्या बुडाशीच ते दोन ठिपके असतात, जिथून वीज आत शिरते. तिथं तुपातल्या कुंकवाचा थर! "धन्य हाय तुही!" म्हणत मनोहररावांनी बल्ब काढून त्यांच्या हातात दिले. कुसुमबाईंनी पदरानं असे खसाखसा पुसले की पितळ चकाकलं. बल्ब पुन्हा बसले. बटण ओढलं आणि समोरची भिंत, गोठा, गोठ्यातली दचकलेली म्हैस, सगळं लख्ख उजळलं! मित्रांनो, इतका आनंद मला कारखान्यातून बाहेर पडतानाही झाला नव्हता.

मग काय निघालो सुसाट! वाटेत एका वळणावर कडब्यानं लादलेली गाडी रस्त्यात आडवी उभी होती. माझ्या उजेडात आधी बैलांचे डोळे चमकले. मी करकचून थांबले, हातभरावर. दिवे नसते तर आम्ही सगळे त्या कडब्यातच गेलो असतो.

वर्ध्याच्या डॉक्टरांनी वाकड्या चिमट्यानं दाणा अलगद बाहेर काढला. टम्म फुगलेला. मीरानं मोठा श्वास घेतला आणि पहिलं वाक्य बोलली, "थो हरभरा माहा हाय. मले द्या." डॉक्टर हसले, मनोहरराव हसले, आणि कुसुमबाई मात्र तिला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडल्या. सुटकेचं रडणं ते. दवाखान्याच्या दारातून मला सगळं दिसत होतं.

परतताना मी मुद्दाम हळू चालले. मागच्या सीटवर मीरा झोपली होती, आणि तिचा श्वास नाकातून अगदी मोकळा येत होता. इंजिनाच्या आवाजातही तो मला ऐकू येत होता. माझ्या सगळ्या आयुष्यात त्याहून गोड आवाज मी ऐकला नाही.

मित्रांनो, यंत्राला जरूर हात जोडा. आम्हालाही बरं वाटतं. पण हात जोडून झाले की आमचे विझलेले दिवे त्याच हातांनी त्याच दिवशी बदला, आणि पेटतात की नाही ते एकदा पाहून घ्या. लेकरू काही पंचांग पाहून नाकात हरभरा घालत नाही.