उठला त्याचा कंप्युटर गेला

गळ्याशपथ सांगते, यातला शब्दन् शब्द खरा आहे. खोटं निघालं तर माझी जीभ झडो!

भिंगरीच्या घरी कंप्युटर नव्हता. तिचा सगळा प्रबंध युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये टाइप व्हायचा. तिथली रांग एवढी लांब, की नंबर लागेपर्यंत मागच्या पोरांना दाढ्या फुटायच्या. त्यात लॅबवाल्या सरांचा नियम: खुर्चीतून उठला त्याचा कंप्युटर गेला. सर लगेच बटण दाबून मशीन बंद करायचे. आणि ते कंप्युटर असे विसरभोळे, की पुन्हा चालू केले की पोटातलं सगळं साफ.

त्या दिवशी शेजारच्या मैत्रिणीला जोराचा ठसका लागला. भिंगरी तिला पाणी द्यायला उठते न उठते, तोच सरांनी बटण दाबलं. अख्खं शेवटचं प्रकरण गेलं! आणि ते दुसऱ्याच दिवशी द्यायचं होतं.

"अहो सर, पाणी द्यायला उठले मी!"

"नियम म्हणजे नियम. चल, रांगेत मागे."

भिंगरी रडली नाही. दात ओठ खात घरी गेली.

दुसऱ्या दिवशी पाखरं उठायच्या आधी ती लॅबच्या दाराशी हजर, तरी पुढे रांग होतीच. मागोमाग ठसकेवाली मैत्रीण. भिंगरीचा नंबर आला, खुर्ची रिकामी झाली, आणि तिच्यात धपकन बसले कोण? सर! त्यांचा केबिनमधला कंप्युटर बंद पडला होता आणि बढतीसाठीचा पेपर आजच पाठवायचा होता.

"सर, रांग आहे."

"मला शिकवतेस? गप उभी राहा."

भिंगरी गप उभी राहिली. सर शेवटच्या पानावर आले, तशी तिने मैत्रिणीच्या कानात काहीतरी सांगितलं. विभागप्रमुख मॅडमचा नुसता फोन आला तरी सर ताडकन उभे राहतात, हे सगळ्या लॅबला ठाऊक होतं. मैत्रीण जिना चढून पळाली. "मॅडम, लॅबमध्ये काय गर्दी आहे, एकदा बघून जा ना!"

मॅडम दारात आल्या. सर स्प्रिंगसारखे उडाले. "या, या मॅडम!"

ते सरळ होईपर्यंत भिंगरी खुर्चीत. तिचं बोट बटणापाशी गेलं, थबकलं, तिला क्षणभर दया आली. मग तिने बटण दाबलं.

"अगं ए! माझा पेपर!"

"उठलात ना सर? नियम म्हणजे नियम."

मॅडमनी विचारलं, "कुणाचा नियम?"

"सरांचाच!" अख्खी रांग ओरडली.

"मग पाळा की," मॅडम म्हणाल्या.

सर गेले रांगेत, पार जिन्याखाली. भिंगरीने मान वर न करता प्रकरण पुन्हा टाइप केलं आणि संध्याकाळी देऊन टाकलं.

आता एक गोष्ट तेवढी मी पदरची घातली. तिला दया आली म्हटलं ना? कुठली दया नि कुठलं काय! बोट थेट बटणावर.