काडाचा फेस

फेस पुन्हा बसला होता. थोरलीने वाळवणीच्या भट्टीचं दार उघडलं, साचा ओढून बघितला. कडा ताठ उभ्या आणि मधोमध खड्डा. तिला रागही आला नाही. साचा उपडा करून तिने तो तुकडा भिजवणीच्या पिंपात टाकला आणि काठीने ढवळला. थोड्याच वेळात त्याचा लगदा झाला. बिघडलेलं सगळं परत कामाला येतं, एवढंच एक या धंद्यात बरं होतं.

दोघी बहिणींनी ही शेड घेतली तेव्हा सगळं सोपं वाटलं होतं. गव्हाचं काड शिजवून त्याचे तंतू सुटे करायचे, पाण्यात जरासा साबण घालून दाट फेस घुसळायचा, तंतू त्यात मिसळून जाळीच्या साच्यात ओतायचे. पाणी खाली निथळतं, हवा आत राहते आणि वाळल्यावर हातात येते थर्माकोलसारखी हलकी पेटी, मातीत टाकली की माती होणारी. थोरलीची उमेदीची वर्षं कागदाच्या गिरणीत गेली होती, म्हणून घुसळणं-वाळवणं तिच्याकडे. धाकटीची जीभ गोड, म्हणून गिऱ्हाइकं तिच्याकडे. काचेचे दिवे बनवणारा कारखानदार तिनेच गाठला होता. त्याला जाड पेट्या हव्या होत्या, आणि जाड ओतलं की फेस वाळायच्या आतच दम सोडायचा.

"आज राहू दे," धाकटी म्हणाली. "घरी जा, झोप. मी ओतते."

"तुला जमेल?"

"इतके दिवस काय नुसतं तुझं तोंड बघतेय मी? जा."

थोरली गेली. अंथरुणाला खिळलेल्या आईला भरवलं, तिची कूस बदलून दिली आणि पलंगाच्या पायथ्याशीच आडवी झाली.

सकाळी शेडमध्ये टेबलावर पेट्या मांडलेल्या होत्या. सपाट, एकसारख्या, कुठे खड्डा नाही. "काय केलंस?" तिने विचारलं.

"साबण कमी केला," धाकटी पाठमोरीच म्हणाली.

थोरलीने हुश्श केलं आणि पुढे काही विचारलं नाही. विचारायचं त्राणच नव्हतं. पेट्यांवर 'मातीत विरते' असा शिक्का मारून माल रवाना झाला. दिवेवाला खूश झाला, आणखी पेट्या मागवल्या.

कातरलेल्या कडा धाकटी स्वतःच बाहेर नेऊन टाकायची. एकदा ती दिवेवाल्याकडे गेली असताना थोरलीने त्या झाडून गोळा केल्या आणि सवयीने पिंपात टाकल्या. संध्याकाळी हात घातला तर कडा होत्या तशाच. चिवट, रबरासारख्या. आपण हे बघितलंच नाही असं करावं, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं.

धाकटी परत आली तेव्हा थोरलीने ती ओली कड तिच्यापुढे धरली. "काय घातलंस यात?"

"प्लास्टिकचा गोंद." धाकटी स्टुलावर बसली. "सुतार वापरतात तो. थोडासाच."

"आणि वर शिक्का मारलास?"

"तू उभ्या उभ्या झोपत होतीस गं! भट्टीला हात टेकून. हात भाजला तरी तुला कळलं नव्हतं. मला बघवेना."

थोरलीने फोन उचलला आणि दिवेवाल्याला सगळं सांगून टाकलं.

"ताई, माझी एकही काच फुटली नाही," तो म्हणाला. "मी तेवढंच बघतो."

"मग तो शिक्का तरी खोडा."

"वा! शिक्का बघूनच तर लोक माल उचलतात. पेटी मातीत पुरून कोण बघतंय?"

"पेट्या परत न्यायला येते मी."

"न्या. पण मग पुन्हा माझ्या दारात येऊ नका."

उरलेल्या रिकाम्या पेट्या दोघींनी मिळून टेम्पोत चढवल्या. ज्या दिव्यांसकट विकल्या गेल्या होत्या, त्यांचं काही करता येण्यासारखं नव्हतं. परतीच्या वाटेवर टेम्पो थोरलीच चालवत होती.

"रागावलीस?" धाकटीने विचारलं.

"रागवायला हवं. उद्या रागवेन बहुतेक. आज अंगात ताकद नाही."

धाकटीला हसू आलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. थोरलीने समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

शेडचं भाडं भागेना, तेव्हा धाकटीने कपड्यांच्या दुकानात नोकरी धरली. थोरलीने जाड पेट्यांचा नाद तूर्त सोडला आणि रोपांसाठी पातळ ट्रे ओतायला घेतले. पातळ फेस बसायच्या आत वाळायचा. एका रोपवाटिकेच्या बाईने ते ट्रे रोपांसकट जमिनीत लावून पाहिले आणि दर आठवड्याला हवेत म्हणून निरोप धाडला. कमाई बेताचीच होती. थोरलीचा थकवा काही गेला नाही, फक्त आता रात्री पडल्या पडल्या झोप लागायची.

दुकान सुटलं की धाकटी शेडमध्ये यायची. त्या दिवशी आली ती चपला काढून थेट घुसळणीच्या यंत्राकडे निघाली.

"दिवसभर उभी होतीस ना?" थोरलीने स्टूल पायाने तिच्याकडे सरकवलं. "बस आधी. मी घुसळते."