निताची अर्धी भाकर

चंदाबाईनं सुनेला उपाशी ठेवलं ते छळ म्हणून नव्हे हो, जीव होता म्हणून. हे आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर तिला शिव्या घालायला सारा गाव पुढं होईल. तिची एकुलती लेक पहिल्याच बाळंतपणात गेली होती. पोर मोठं, ते अडलं, आणि मानोऱ्याच्या दवाखान्याच्या रस्त्याला लागेपर्यंत मायलेकरू दोघंही संपली. तेव्हापासून म्हातारीच्या डोक्यात एकच बसलं, पोटात पोर मोठं होऊ द्यायचं नाही.

म्हणून सून निताला पाचवा महिना लागला आणि तिची भाकर अर्धी झाली.

"याडी, मले भूक लागून राह्यली," सासूला आई मानून याडी म्हणणारी निता सांगायची.

"लागू दे. पोर फुगलं म्हंजे मरशीन."

आशाताईनं दिलेल्या रक्तवाढीच्या गोळ्या चंदाबाईनं चुलीत घातल्या. गोळ्यांनी पोर वाढतं म्हणे! निताचे डोळे पांढरे पडले, पाण्याची गुंडी उचलली की भोवळ यायची. सासू तिचे पाय चेपायची, डोक्याला तेल लावायची, भाकर मात्र अर्धीच द्यायची. काय म्हणावं या बाईला!

आठव्यातच कळा आल्या. दवाखान्यात निता तासाभरात मोकळी झाली. चंदाबाईनं सेवालाल महाराजांना हात जोडले. "सुटली व माही पोर!" म्हणत ती रडली.

मुलगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी. तिला दूध ओढायचाही जोर नव्हता. काचेच्या पेटीत ठेवली, नळीनं दूध घातलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

निताचा नवरा विनोद डॉक्टरांच्या अंगावर धावला, त्यांची कॉलर धरली. "तुमीच मारलं माह्या लेकराले!"

डॉक्टरांनी तशीच मान वळवून निताला विचारलं. "अंगात रक्तच नाही तुझ्या. जेवत नव्हतीस का?"

निता छताकडे पाहत म्हणाली, "मलेच भूक लागत नव्हती."

सुनेनं चंदाबाईला वाचवलं होतं. आता नुसतं गप्प राहायचं, कोणाला काही कळलं नसतं. तिनं डॉक्टरांच्या कॉलरवरचा विनोदचा हात सोडवला.

"खोटं बोलून राह्यली ते," ती म्हणाली. "रोज मांगे. मीच देल्लं नाही."

तेव्हा कुठं निता मोठ्यानं रडली.